भाव रुमालात

गुरांच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या हातांवर एक रुमाल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं धरतात. अमकं बोट म्हणजे अमका आकडा, मूठ दाबली तर तमका. वर तोंडानं गप्पा चालतात त्या भलत्याच. पाऊस कसाय, पोरीचं जमलं का, म्हाताऱ्याचा खोकला थांबला का. खेटून उभा असलेल्या माणसालाही कळत नाही की रुमालाच्या आत काय शिजलं. मान हलली की सौदा झाला.

मी ज्याच्याबद्दल लिहितोय त्यानं उभा जन्म हेच केलं. तो गुरांचा दलाल. सगळा बाजार त्याला मामा म्हणायचा. त्याची सूनसुद्धा मामाच म्हणायची. "भाव बोलायचा नसतो, धरायचा असतो," हे त्याचं वाक्य. दिवसातून इतक्यांदा म्हणायचा की त्याच्या दारचं कुत्रंही ते ऐकलं की उठून जायचं.

मी त्याची तारीफ करायला बसलेलो नाही, हे आधी सांगून ठेवतो. तो खोटं बोलायचा, मिशा काळ्या करायचा आणि पंगतीत शेजारच्याच्या पानातला पापड उचलायचा. माझी त्याची ओळख झाली तीच त्यानं मला फसवल्यामुळं. त्यानं मला एक बैल दिला. दिसायला राजा. पण औताला जुंपला की तो खाली बसायचा. सोडला की उठायचा. मी तावातावानं बैल घेऊन त्याच्या दारात गेलो. तो ओट्यावर दाढी करत होता.

"बैल बसतोय," मी म्हणालो.

त्यानं आरशातूनच बैलाकडं बघितलं. "बसतो हे खरंय, आबा. पण बसतो किती देखणा ते बघ की."

मी काठी उचलली. त्यानं अर्धी दाढी तशीच ठेवून मला जेवायला बसवलं, बैल बदलून दिला आणि माझ्या पानातला पापड खाल्ला. तेव्हापासूनची आमची दोस्ती.

पुढं ट्रॅक्टर आले, बाजार ओस पडायला लागला. मामाची सून देवळ्याकडची, कॉलेज शिकलेली. ती एक दिवस म्हणाली, "मामा, आता लोक गाय मोबाईलवर बघून घेतात. आपण पण ग्रुप काढू." मामानं तिला सांगितलं की ज्या बाजारात शेणाचा वास नाही त्या बाजारात मी पाय ठेवत नसतो. महिनाभरानं बघतो तर हा ओट्यावर बसून मोबाईलमध्ये बोलतोय आणि सून बाजूला उभी राहून म्हणतेय, "मामा, बटण सोडा आता, दुसऱ्यांना पण बोलू द्या."

लिहिता त्याला येत नव्हतं, मलाही फार येत नाही. पण तो बोलून पाठवायचा. आणि बोलायला लागला की थांबणं त्याला ठाऊक नव्हतं. गाय राहायची बाजूला. "राम राम मंडळी. सायखेड्याच्या भाऊसाहेबांचा गुडघा कसाय? सटाण्याचे पाटील, तुमच्या नातीचं बारसं झालं, आम्हाला पेढा नाय." असं एकेकाचं नाव घेत सगळ्या ग्रुपची विचारपूस. ज्याचं नाव राहायचं तो रुसायचा. मग दुपारी त्याच्यासाठी वेगळं बोलणं.

त्या ग्रुपमध्ये शिरणं म्हणजे जावई होण्यापेक्षा अवघड. आधी त्याला फोन करायचा. तो विचारणार, कोणाचा तू? गाव कोणतं? आजोळ कुठलं? गंगापूर रोडला बंगला असलेला एक तरुण साहेब गाय घ्यायची म्हणून थेट त्याच्या घरी आला. चांगली गाडी, चांगले कपडे. आजोळ विचारलं तर म्हणाला, "आईला विचारून सांगतो." मामानं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

मी म्हणालो, "अरे, रोकडा देत होता ना तो."

"ज्याला स्वतःचं आजोळ माहीत नाय त्याला गाय देऊ? उद्या काय बिनसलं तर मी कोणाच्या दारात जाऊन बसू? मोबाईलच्या?"

साहेबानं दोन दिवसांनी फोन करून आजोळ सांगितलं. ते निघालं निफाडजवळचं, मामाच्या चुलतमेव्हण्याच्या शेजारचं. मग काय, साहेब ग्रुपमध्ये, गाय बंगल्यात, आणि मामा दर पोळ्याला त्या बंगल्यावर पुरणपोळी खायला.

सून गाईचा व्हिडिओ काढायची. त्याखाली गाव, दात, वेत, दूध सगळं लिहायची. आणि शेवटी एक ओळ ठरलेली: भाव रुमालात. हे तरण्या पोरांना कळायचं नाही. खाली विचारायचे, किंमत? काका, किंमत टाका. मामाला ती शिवी वाटायची. "चारचौघांत भाव विचारतो? उद्या बायकोचं वय विचारशील!" असं तो उलट बोलून पाठवायचा. सटाण्याच्या एकानं मोठ्या अदबीनं आपल्या अहिराणीत विचारलं, "मामा, गाय मस्त शे, पन भाव कितला शे?" याचं उत्तर गेलं, "मस्त शे तर ये की बघायला! सटाणा काय लंकेत शे?" तो खरंच आला. येताना दोन मित्र आणले, मित्रानं मेव्हणा आणला. सगळे जेवले. रुमाल टाकला, बोटं धरली, गाय गेली. आता मला सांगा, मोबाईल निघाला तो माणसानं घरबसल्या सौदा करावा म्हणून. या बाबानं मोबाईलवरून माणसं घरी बोलावली. त्याच्या दारात बाजारात नसेल एवढी गर्दी. सून भाकरी थापून थापून दमली. शेवटी तिनंच ग्रुपवर टाकलं की येणाऱ्यांनी कांदा आणि मिरच्या बरोबर आणाव्यात. लोक आणायला लागले.

एकदा मात्र त्यानं घरबसल्या सौदा करून बघितला. गिऱ्हाईक होतं लांब, मालेगावच्या पलीकडं. म्हातारा माणूस, पाय मोडून पडलेला, पण जुन्या बाजारातला मुरलेला. व्हिडिओ कॉल लागला. मी शेजारीच बसलो होतो. याचा चेहरा त्याला दिसतोय, त्याचा याला. मामानं सवयीनं हातावर रुमाल टाकला. तिकडं त्या म्हाताऱ्यानंही टाकला. इकडं याची बोटं रुमालाच्या आत वळवळतायत, तिकडं त्याची. वर गप्पा चालल्यात, कांद्याला काय भाव, तुमच्याकडं थंडी कशी. मधेच मामा म्हणाला, "नाय नाय, अजून थोडं." तो म्हणाला, "आता ताणू नका." थोड्या वेळानं दोघांनी माना हलवल्या. दोघं खूश. फोन ठेवला.

मी विचारलं, "कितीला ठरला?"

मामानं रुमाल झटकला. त्याचं तोंड हळूहळू उतरायला लागलं.

तिकडं म्हाताऱ्याच्या पोरानंही त्याला हेच विचारलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी तो मोडक्या पायानिशी जीपमध्ये आडवा होऊन आला. परत रुमाल, परत बोटं, परत भाकरी. तो गेल्यावर मामा मोबाईलकडं बघून म्हणाला, "यंत्र चांगलंय आबा. फक्त बोटं नायत त्याला, एवढाच दोष."

तसा एक दोष आणखी होता, आणि तो त्याच्या जिव्हारी लागला. जनावराची खोड लपवणं ही दलालाची खरी कला. मारकी गाय असेल तर विकताना तिच्या तोंडाशी गूळ धरायचा. लंगडा बैल असेल तर खड्ड्याच्या कडेला उभा करायचा. या कलेत मामा उस्ताद. त्यानं एका तांबड्या गाईचा व्हिडिओ टाकला, म्हणाला, गरीब गाय, लेकराच्या हातानं खाते. तासाभरात खाली कोणीतरी लिहिलं: ही आमच्या चुलत्याची. उजवीकडून गेलं की लाथ घालते. त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं: खरं आहे, मला घातलीय. तिसऱ्यानं आपल्या नडगीचा फोटोच टाकला.

मामा दोन दिवस जेवला नाही. मला म्हणाला, "आबा, धंद्याची मजा गेली. पयलं खोटं बोलायचं म्हणजे अक्कल लागायची. गिऱ्हाईक नांदूरचं, गाय घोटीची, कोणाला काय ठावं? आता सगळी गावं एका खोलीत येऊन बसलीत. खरंच बोलायचं असंल तर दलाल कशाला पायजे? खरं काय कोणी पण बोलतं."

पण माणूस चिवट. तिसऱ्या दिवशी त्यानं सुनेला हाक मारली आणि सांगितलं की आता आपण खोड आधी दाखवायची. तांबड्या गाईच्या उजवीकडून तो स्वतः गेला. लाथ बसली, टोपी उडाली. सून म्हणाली, "मामा, लाथ नीट आली नाही. तुम्ही मधे आला. परत जा." तो परत गेला. तो व्हिडिओ इतक्या लोकांनी बघितला की विचारू नका. मग सवयच पडली. शिंगं मारणारी म्हैस, दावं चावणारी गाय, बसणारा बैल, सगळ्यांच्या पुढं मामा. खोड पहिली, जनावर मागाहून. आणि गंमत अशी की लोक येऊन ती जनावरं घ्यायला लागले. म्हणायचे, एवढीच खोड आहे ना, मग आम्हाला चालेल. न सांगितलेल्याचीच माणसाला भीती जास्त. मामानं नवीन जाकीट शिवलं. चहाच्या टपरीवर पोरं त्याच्याबरोबर फोटो काढायची. तो आधी मिशा विचारून घ्यायचा, नीट बसल्यात का म्हणून.

मी या सगळ्याला हसत होतो. मोबाईल मी हातात धरणार नाही असं माझ्या दोन्ही पोरांना सांगून ठेवलं होतं, आणि मी एकदा बोललो की बोललो.

मग माझ्यावरच वेळ आली.

आमचा मळा म्हसरूळच्या अंगाला. आजूबाजूला सगळीकडं बिल्डिंगा झाल्या, मधे आमचा एक गोठा आणि दोन आंबे. पोरांनी जागा बिल्डरला दिली. बदल्यात आम्हाला त्याच्याच शेजारच्या तयार बिल्डिंगीत सहाव्या मजल्यावर घर. मी फार भांडलो, पण कागद पोरांच्या नावावर मीच करून दिलेले. प्रश्न राहिला चंद्रीचा. चंद्री माझी गाय. सहाव्या मजल्यावर मला लिफ्टनं नेतील, तिला कोण नेणार?

चंद्री दुधाला चांगली, रंगानं पांढरी, वयानं थोडी पुढं गेलेली. पण तिला एक खोड होती. ती शिव्या दिल्याशिवाय पान्हा सोडत नसे. पहिल्या वेताला मी धार काढायला बसलो तेव्हा तिनं बादली उलथवली. माझ्या तोंडून जे निघायचं ते निघालं, आणि तिनं दूध सोडलं. तेव्हापासून तेच. चुचकारलं, गोंजारलं, पेंड पुढं ठेवली, काही उपयोग नाही. रोज पहाटे मी बसायचो आणि "टवळे, भवाने, तुला वाघानं न्यावं, तुझा मुडदा बसवला" असं सुरू करायचो. की लागली धार. माझी बायको होती तेव्हा म्हणायची, जन्मात मला एवढं मनापासून बोलला नाहीत कधी.

अशी गाय कोणाच्या घरी टिकणार? घेणारा चार दिवस बघणार, दूध नाही म्हणणार आणि दुसऱ्याला विकणार. दुसरा तिसऱ्याला. म्हातारपणी तिनं असं दावणीदावणीनं फिरावं हे मला सोसणारं नव्हतं. एका घरात जावी आणि तिथंच राहावी, एवढंच मला पाहिजे होतं. मी मामाला तसं सांगितलं.

"मग खोड दाखवायला लागंल," तो म्हणाला.

"माझ्या गाईला खोड नाही."

"आबा, सगळं म्हसरूळ रोज पहाटं ऐकतंय."

तो सुनेला घेऊन आला. मी साफ सांगितलं, मोबाईलसमोर मी तोंड उघडणार नाही. "नको उघडू," म्हणून तो स्वतः बादली घेऊन बसला. आधी "ये गं माझी लक्ष्मी" करून बघितलं. मग शिव्या दिल्या. त्याच्या शिव्या चांगल्या होत्या, पण दलालाच्या. मनापासून नव्हत्या. चंद्रीनं मागं वळून त्याच्याकडं असं बघितलं जसं दारात आलेल्या वर्गणीवाल्याकडं बघावं. मग शेपटीचा फटका त्याच्या तोंडावर मारला, बादली उडवली, आणि माझा तोल गेला. मी पुढं झालो, त्याला बाजूला ढकललं, खाली बसलो आणि तिची अशी काही काढली की मामासुद्धा टोपी सावरत मागं सरला. दुधाला फेस आला. सून शांतपणे मोबाईल धरून उभी होती.

आठवड्यात माझी अब्रू गेली. सिन्नरच्या व्याह्यांनी पोराला फोन केला, "आबांची तब्येत बरीय ना?" देवळाच्या कमिटीतली माणसं मला बघून गालात हसायची. नातीच्या कॉलेजात पोरी तिला विचारायच्या, ते तुझे आजोबा का गं? मी काठी घेऊन मामाच्या घरी गेलो.

"आबा," तो काठीच्या टप्प्याबाहेर उभा राहून म्हणाला, "तुझ्या शिव्या जेवढ्या घरांत गेल्या तेवढ्या घरांत आपल्या पोरांच्या लग्नाच्या पत्रिका गेल्या नव्हत्या. मारायचं तर मार, पण गिऱ्हाईकं बाहेर बसलीत."

गिऱ्हाईकं खरंच बसली होती. पण निम्मी मला बघायला आलेली. एक मात्र घेणारा होता. लांब कुठंतरी त्याचं हॉटेल, शेती दाखवायचं. शहरातली माणसं तिकीट काढून येतात, बैलगाडीत बसतात, हुरडा खातात. त्याला चंद्री पाहिजे होती आणि शिव्या द्यायला एक नकली म्हातारा तो पगारानं ठेवणार होता. माझी पोरं लगेच तयार झाली. मामानं रुमाल टाकला, त्याची बोटं धरली. मी मामाच्या तोंडाकडं बघत होतो. त्याच्या मिशा थरथरल्या, म्हणजे आकडा मोठा होता. मग त्यानं हात बाहेर काढला.

"नाय जमत," म्हणाला.

हॉटेलवाला गेल्यावर माझा थोरला त्याच्यावर तडकला. मामा म्हणाला, "तो गाय घेत नव्हता, तमाशा घेत होता. तमाशा जुना झाला की गाय परत बाजारात. तुझ्या बापानं मला एकच गोष्ट सांगितली होती." एवढं बोलून थांबला असता तर मी त्याला साधू म्हणालो असतो. पण बुडलेल्या दलालीचं रडगाणं त्यानं पुढं वर्षभर गायलं. जेवताना, चहा पिताना, माझ्या नातीच्या साखरपुड्यातसुद्धा. आणि रुमालातला आकडा मला शेवटपर्यंत सांगितला नाही.

मग आले सायखेड्याचे बुवा. कीर्तन करणारे, गळ्यात माळ, गोदावरीच्या काठाला शेत, हिरवागार घास, सावलीचा गोठा. बरोबर बायको. बाईंनी हात पुढं केला तर चंद्री तो चाटायला लागली. घर बघता मन भरावं असं. अडचण एकच. बुवांच्या तोंडून जन्मात वाईट शब्द गेला नव्हता.

त्यांनी मला विचारलं, "रामकृष्णहरी म्हटलं तर चालेल का?"

"म्हणून बघा," मी म्हणालो.

बुवांनी चालीत म्हटलं, मग संथ म्हटलं, मग टाळी वाजवून म्हटलं. चंद्री रवंथ करत राहिली. एवढ्यात बाई तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "सोड की गं, मेले." चंद्रीनं कान हलवला.

बुवांनी बायकोकडं बघितलं. "हे कुठं शिकलीस?"

"तुमच्या आईकडून."

मामा म्हणाला, "माई, मेलीवर नाय भागायचं. ही मोठ्या घरची हाय." मग त्यानं डोकं चालवलं. त्या व्हिडिओतल्या माझ्या शिव्या बुवांच्या मोबाईलवर घेऊन द्यायच्या. पहाटे बाईंनी धार काढायला बसायचं, बुवांनी मोबाईल लावून लांब तुळशीपाशी जाऊन उभं राहायचं. बुवांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "शिवी माझी नाही, मी फक्त ऐकणारा. चालेल." रुमाल टाकला, बोटं धरली, चंद्री सायखेड्याला गेली. मी घरात जाऊन बसलो. ते सांगत नाही.

थोडे दिवस बरे गेले. मग बुवांचा मामाला फोन. गाय दूध सोडेना. तीच ती शिवी रोज त्याच चढउतारानं ऐकून तिनं ओळखलं होतं. शिळं तिला चालत नव्हतं.

मामा एक जुना मोबाईल घेऊन माझ्या सहाव्या मजल्यावर आला. "ताज्या दे. रोज."

"मी मोबाईल हातात धरणार नाही."

"नको धरू," असं म्हणून त्यानं पिशवीतून गाईचं जुनं दावं काढलं आणि मोबाईल बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दांडीला, वासरू बांधावं तसा बांधून टाकला. बटण नात दाबायची. पहाटे समोर चंद्रीचं तोंड दिसायचं. मी खुर्ची ओढून बसायचो आणि सुरू करायचो. ती कान टवकारायची. पलीकडून बादलीत धार वाजायची. बाईंनी विचारायचं, "आबा, गुडघा कसाय?" आणि बुवा तुळशीपाशी पाठमोरे.

तिथं नवीन भानगड. बिल्डिंगचा पण ग्रुप होता. त्यावर कोणीतरी लिहिलं की सहाव्या मजल्यावरून रोज पहाटे अश्लील शिवीगाळ होते, लहान मुलं शिकतात. चेअरमन बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी खाली पार्किंगमध्ये मीटिंग घेतली. मला वर पोरांनी कोंडल्यासारखं केलं, तोंड उघडू नका म्हणून. खालचं मला नातीनं मागाहून सांगितलं. मामाला कोणी बोलावलं नव्हतं, तो आला. आल्या आल्या खुर्चीवर बसून चेअरमनला म्हणाला, "साहेब, मूळ कुठले?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"आजोळ तरी सांगा."

आजोळ निघालं देवळा. चेअरमनच्या आजोबांची खिल्लारी जोडी मामाच्या बापानं दिलेली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या बाई सटाण्याच्या निघाल्या, दुसरे कोणी दिंडोरीचे. एकाच जिन्यानं वर्षभर चढउतार करणारी माणसं, कोण कुठलं हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं. ग्रुपवर त्यांचं सगळं बोलणं पार्किंगचं आणि पाण्याच्या टाकीचं. मग मामानं मला खाली बोलावलं, व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाला, "दे."

एवढ्या बायामाणसांसमोर! मी नाही म्हणालो. पण समोर चंद्री दिसली, कास भरलेली. मी दिल्या. पार्किंगभर मोबाईलमधून बादलीत पडणारी धार वाजली. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "हे दूध मिळेल का हो?"

आता सायखेड्याहून रोज गाडी येते. एका गाईचं कुठं पुरणार, बुवांनी आणखी गाई घेतल्या, अर्थातच मामाकडून. त्या साध्या आहेत, रामकृष्णहरीवर दूध देतात. चंद्रीचं दूध मात्र नंबर लावून मिळतं. तक्रार करणारे तेच चेअरमन लिफ्टमध्ये मला म्हणतात, "आबा, आज आवाज बारीक होता का? पातळ वाटलं."

मामा गेला गेल्या थंडीत. दुपारी ओट्यावर बसून कोणाच्या तरी गुडघ्याची चौकशी करत होता. बोलता बोलता थांबला. सुनेला वाटलं, बटण सोडलं असेल. ग्रुपवर श्रद्धांजलीचा पूर आला, फुलं, हात जोडलेले, दिवे. सुनेनं ते बघितलं आणि एवढंच लिहिलं: मामांनी मोबाईलवर कोणाचं काही घेतलं नाही. यायचं तर या. संध्याकाळपर्यंत रस्त्याला गाड्या लावायला जागा उरली नाही. सटाण्याचा तो अदबीचा माणूस आला होता, मेव्हण्यासकट. बंगल्याचा साहेब अनवाणी चालत होता. लोकांनी येताना कांदा आणि मिरच्या आणल्या होत्या. एवढं सगळं बघून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे नातीनं बटण दाबलं. चंद्री समोर आली. मी तोंड उघडलं आणि काही निघेना. ती वाट बघत होती. हंबरली. बाई बादली घेऊन बसलेल्या.

"आबा, द्या," बाई म्हणाल्या.

"आज नाही येत, माई."

बुवा तुळशीपासून पुढं आले. गाईसमोर उभे राहून त्यांनी स्वतः प्रयत्न केला. "अगं... अगं..." पुढं जाईना. मग ते मोबाईलकडं, माझ्याकडं वळले.

"आबा, गाईला येत नसतील तर त्याला द्या. तुम्हाला न विचारता गेला तो."

मी खुर्ची पुढं ओढली. आणि सुरू केलं. त्याच्या मिशांपासून धरलं. पापडावरून, बसणाऱ्या बैलावरून, माझी अब्रू वेशीला टांगल्यावरून, न सांगितलेल्या आकड्यावरून. आजवर गाईला न दिलेल्या सगळ्या दिल्या. खालच्या मजल्यांवर दिवे लागले. नात दाराशी तोंडात ओढणी धरून उभी. पलीकडं बादलीत धार लागली होती.

बऱ्याच वेळानं बुवा म्हणाले, "बस आबा, बस. बादली भरली."

म्हटलं, "थांबा बुवा. माझं अजून व्हायचंय."